चीक, विरजण आणि विहीणबाई

वडवणीकडच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात मी वीस वर्षं आया होते. शाळा चौथीपर्यंत, पण किस्से लई! बाळं घरी जातात आणि वॉर्डात टोपडी विसरून राहतात ना, तसे हे किस्से. कुणी न्यायला येत नाही. माझ्याकडेच साठलेत.

*

नव्या डॉक्टरबाई आल्या होत्या. पोरसवदा, गोड. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पहिला पिवळा चीक पाजा. त्यानं बाळाच्या पोटात चांगले जंतू वाढतात."

एक आजी ताडकन उठली. "जंतू? आमी जंताची गोळी देतो, अन् तुमी जंतू पाजायलात व्हय!"

नातीला पदराखाली घेऊन थेट गेटापर्यंत गेलती. मी आडवी आले म्हणून थांबली!

*

त्या दिवशी चहा पिताना बाईंना सांगितलं, "जंतू म्हणू नका, विरजण म्हणा. दही कशानं लागतं? चमचाभर विरजणानं. पोराचं पोट कोरं असतंय. त्यात पहिलं विरजण आईचं पडू द्या."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. "मावशी, कॉलेजात असं कुणी शिकवलं नाही हो!"

*

मग वॉर्डभर विरजण-विरजण झालं. तिसऱ्या दिवशी उमापूरचा एक बाप वाटीभर दही घेऊन हजर!

"बाईनं विरजण सांगितलंय. चमचा केवढा घेऊ?"

पोरगं एका दिवसाचं! वाटी हिसकून घेतली. 'सहा महिने आईच्या दुधाबिगर थेंब न्हाई' असं दोनदा वदवून घेतलं. दही मात्र घट्ट होतं. बाईंनी आणि मी भातासंगं खाल्लं. ती चव अजून जिभेवर आहे.

*

दुसरा बाप जास्तच शहाणा. बायकोला दर पाजणीआधी छाती औषधी साबणानं घासायला लावायचा. मी विचारलं, "विरजणाचं भांडं फिनेलनं धुतोस का रे?"

*

बाई बदलून गेल्या. पत्र्याचा वॉर्ड पाडून स्लॅब टाकला. त्याच स्लॅबखाली माझी लेक सरला बाळंत झाली.

विहीणबाई चीक पिळून टाकायला वाटी घेऊन बसलेल्या. "पिवळं हाय, नासकं. तीन दिस मधाचं बोट चाटवू."

माझ्या सासूनं माझा चीक लिंबाखाली ओतला, तेव्हा माझं तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं.

"म्हैस व्याल्यावर खरवस कावून खाता?"

"ताकदीचा असतोय."

"म्हशीचा ताकदीचा, अन् माझ्या लेकीचा नासका?"

विहीणबाईंनी वाटी पालथी घातली. नात चुटूचुटू ओढायला लागली, त्या बघत राहिल्या.

मग माझा दंड धरून मला कोपऱ्यात नेलं. दारात जावई उभे होते. सहा फूट, झुपकेदार मिशा, हातात थर्मास.

"याच्या टायमाला म्या सगळा सांडून दिलता," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "त्याला आता काय देता येईल का हो?"