सील तोडणाऱ्या बाई

"आधी त्याचा जीव मोकळा करा, मग नावं ठेवा," असं म्हणत त्या बांगड्या कोपराकडे सारायच्या आणि संगणकाच्या डब्यात हात घालायच्या.

सेलू तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. त्या संगणक शिकवायला आल्या. वालूरहून रोज एसटीनं यायच्या. नेमणूक मात्र शाळेची नव्हती. ज्या कंपनीनं संगणक पुरवले, तिनंच शिकवणारं माणूसही पुरवायचं, असा करार. टेबलं, खुर्च्या आणि बाई, सगळं एकाच गाडीतून उतरवल्यासारखं!

उन्हाळा लागला आणि संगणक बंद पडू लागले. चालू केला की थोड्या वेळानं आपोआप बंद. मुख्याध्यापक म्हणाले, "मालच डुप्लिकेट हाय." कंपनीला फोन करून बेजार झालो, कुणी फिरकलं नाही. शेवटी बाईंनी प्लग काढला, झाकणावरचं कागदी सील नखानं सोललं आणि स्क्रू फिरवले.

आत बघून त्या अशा किंचाळल्या, की मला वाटलं साप निघाला. वायरींचा नुसता गुंता. त्यातली एक जाड जुडी थेट पंख्यावर रेललेली. पात्याला फिरायला जागाच नाही.

"बघा सर! ह्याला जोडणी म्हणायची? कोंबलंय नुसतं! जीव गुदमरायलाय त्याचा, अन् आपण डुप्लिकेट म्हणायलोत."

मग एकेक वायर त्यांनी सोडवली. लांब वायरी पत्र्यामागून फिरवल्या, उरलेल्या लांबीच्या घड्या घालून रिकाम्या खणात बसवल्या, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळल्या. पंखा मोकळा झाला. पुढचे डबे त्यांनी आठवीच्या मुलींकडून लावून घेतले.

मुख्याध्यापक दारातूनच ओरडले, "पोरींला शॉक बसला तर जिम्मेदारी कुणाची?"

"प्लग काढून ठेवलेत सर. शॉक काय हवेतून येणार हाय?"

दुपारच्या उन्हातही संगणक चालू राहू लागले. तिथंच थांबल्या असत्या तर त्या बाई कसल्या! त्यांनी कंपनीला फोन लावला. "निदान दुसऱ्या शाळेत तरी असं पाठवू नका. घरची कपाटं अशीच लावता का तुमी?"

इतके दिवस न फिरकलेल्या कंपनीचा माणूस आता लगेच गाडी घेऊन हजर! आतल्या वायरी त्यानं पाहिल्यासुद्धा नाहीत. फाटक्या सीलांचे तेवढे फोटो काढले. "मॅडम, वॉरंटी गेली. उद्यापासून येऊ नका."

माझं डोकंच फिरलं. "अहो, पण संगणक चालू झाले ना?"

"प्रश्न चालू-बंदचा नाही सर, सीलचा आहे."

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आतला जीव गेला तरी चालेल, वरचा कागद शाबूत पाहिजे! मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते चहाच्या कपात काहीतरी शोधत होते. मी भांडत भांडत त्या साहेबाच्या गाडीपर्यंत गेलो. त्यानं काच वर केली.

परत आलो तर बाई जमिनीवर बसलेल्या. पुढ्यात शेवटचा डबा उघडा, एका मुलीच्या हातात टॉर्च.

"ह्याचं तेवढं राहिलंय सर," त्या म्हणाल्या. मान काही वर केली नाही.

त्यांच्या जागी नवे सर आले. त्यांनी पहिल्याच दिवशी काय केलं? सगळ्या डब्यांवर नवी सीलं चिकटवली. आजही ती खोली ओलांडताना माझं रक्त उसळतं.

कामावरून काढलं त्या दिवशी संध्याकाळी मी बाईंना फाट्यावर सोडायला गेलो होतो. एसटी आली. त्या चढल्या आणि दारातच थांबल्या. ड्रायव्हरच्या मागून वायरींची एक लड खाली लोंबत होती.

"ओ कंडक्टर, ही कुणाच्या गळ्यात पडायची वाट बघायलात का? बांधा की!"

"बाई, तुमी आधी बसा बरं!"

"न्हाई बसत!"

गाडी सुटली. वळणापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता.