फळीवरची डबी

भावाच्या छातीतली गाठ कॅन्सरची आहे, हे आषाढातच कळलं होतं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, प्रत्येकाची गाठ वेगळी असते. तिच्या तुकड्याची आणखी एक तपासणी करायची. तिच्यात एखादी ठरावीक खूण सापडली, तर त्याच खुणेवर चालणारी गोळी मिळते आणि माणूस त्यावर बराच काळ काढतो. नाही सापडली, तर सगळ्यांना देतात तेच सलाईनमधलं औषध. भावाने जन्मात विडी ओढली नव्हती. अशांमध्ये खूण सापडण्याची शक्यता जास्त, असंही ते म्हणाले. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं.

सुईने काढलेला तो तुकडा तांदळाच्या कणीएवढा. मेणाच्या छोट्या वडीत बसवून त्यांनी तो जपून ठेवला होता. दुसऱ्या लॅबला द्यायला मागितला, तर हॉस्पिटलच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या."

हमरापूरहून गणपतीच्या कच्च्या, बिनरंगाच्या मूर्ती डोक्यावरून आणत मी धंदा सुरू केला. आज पेणच्या रामवाडीत माझा स्वतःचा गाळा आहे. "पुढच्या आठवड्यात" हे मला रोज कोणी ना कोणी ऐकवतं. मी खिडकीसमोरच बसले. आधी आरडाओरडा केला, मग गोड बोलले, मग परत आरडाओरडा. दुपारपर्यंत ती वडी एका डबीत घालून बाहेर आली.

"पेशंटच्या घरचं कोण? सही करा."

मी हात पुढे केला, तोवर भावजयीने पेन उचललं होतं. "वन्सं, तुमचं घर पेणला. ह्यांच्या घरची मी हाय."

डबी तिच्या पर्समध्ये गेली. भाव करून मिळवलेली वस्तू माझ्या हातात आलीच नाही. भाऊ भिंतीला टेकून उभा होता, म्हणून भांडण तिथेच सोडून मी त्याचा हात धरला.

लॅबचा माणूस डबी न्यायला भावाकडे रोह्याला येणार होता, पण गणपती तोंडावर आलेले. सण झाल्यावर येतो, म्हणाला. त्या दिवसांत मला जेवायला फुरसत नसते. गाळ्यासमोर टेम्पो लागलेले असतात आणि गिऱ्हाइकाला एका मूर्तीवरून दुसरीवर न्यायचं असतं. टेम्पो भरताना मी भावजयीला फोन केला. "डबी कपाटात ठेव गो. थंड जागी. कोणी हात लावू नका."

"व्हय वन्सं."

गौरी आल्या त्या दिवशी मी रोह्याशेजारच्या अष्टमी गावात भावाच्या घरी गेले. पुलाखाली कुंडलिका नदी तांबडी, काठोकाठ. घरात मीच पाठवलेली शाडूची मूर्ती बसली होती. हात जोडले आणि आधी डबी मागितली.

"बाहेर ठेवलीय," भावजय म्हणाली. "घरात देव बसलाय आणि कपाटात मांसाचा तुकडा ठेवू? ह्या दिवसांत सुकटीची बरणीसुद्धा आपण घराबाहेर काढतो."

बरणी माझ्याही घरातून बाहेर जाते. त्यामुळे सोवळं पाळण्याबद्दल मला काही बोलता येईना. मी मागच्या पडवीत गेले. तिथे चूल पेटलेली, पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. चुलीच्या वर फळी. फळीवर डबी.

झाकण वाकडं झालं होतं. आत वडीखालची जाळीची प्लॅस्टिकची चौकट तेवढी उरली होती. मेण वितळून फटीतून फळीवर आलं होतं आणि काजळीत मिसळून काळं झालं होतं. मी नखाने खरवडलं. कणी कुठे दिसेना.

"ही काय सुकटीची बरणी होती गो?"

"मेण हाय म्हणून मला कोणी सांगितलं? थंड जागी म्हणालात. पडवी थंडच असते."

"चुलीच्या डोक्यावर?"

आतून भावाचा आवाज आला. "ताय, देव बसलाय. हळू बोल."

"ऐकू दे देवाला. मीच आणलाय त्याला, हमरापूरहून, भाव करून."

भाऊ हसला. हसण्यातच खोकला लागला आणि तो थांबेना. बायका गौरीच्या आरतीला उभ्या राहिल्या तरी आतून तोच आवाज येत होता. गाठ सापडल्यापासून मी चिडले होते, धावपळ केली होती. भीती मला त्या आरतीत वाटली.

खरवडलेलं काळं मेण मी स्वच्छ बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं, यात तपासण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी रक्तातून खूण शोधून पाहिली. रिपोर्टमध्ये काही आलं नाही. रक्तात दिसली नाही म्हणजे गाठीत नाही असं नव्हे, असं ते म्हणाले. खात्री करायची तर पुन्हा सुई घालून नवा तुकडा काढायचा. तोवर भाऊ पायऱ्या चढेनासा झाला होता.

सुईच्या दिवशी आम्ही दोघी बाकावर बसलो होतो, मध्ये त्याच्या चपला. वेळ लागेल असं सांगितलं होतं. दार लगेच उघडलं.

"घरचं कोण?" सिस्टरने विचारलं.

भावजय उठली नाही. तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्या. ह्या बोलतील."

मी आत गेले. भावाला आडवं केलं की श्वास पुरत नव्हता, म्हणून सुई घातलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, आता हा धोका घेता येणार नाही. सगळ्यांना देतात ते औषध सुरू करू.

"आणि गोळी?" मी म्हटलं. "दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं तर? बसवून सुई घातली तर? काहीतरी करा ना साहेब."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्यासमोर बसलेला माणूस शेवटी थोडा तरी हलतो. ते हलले नाहीत.

त्याच्यासाठी गोळी असेलही. नसेलही. ते आता कळायचं नाही. बाहेर आले तेव्हा भावजय त्याच्या चपला हातात धरून उभी होती. त्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं, तेव्हा एक चप्पल तिने त्याच्या पायात घातली, दुसरी मी. तिला मी अजून माफ केलेलं नाही.