मूर्खपणाचा इंग्रजी कबुलीजबाब

“हा अर्ज कोणी लिहिला?” ठाण्याच्या कोर्टात जज्जसाहेबांनी विचारले. मी अभिमानाने उभा राहिलो.

अर्ज खडवलीच्या आनंदीबाईंचा होता. पतिनिधनानंतर त्यांच्या दिराने कोर्टात धाव घेतली होती. वहिनीला वेड लागले आहे, सबब शेतीचा कारभार आपल्या हाती द्यावा, असे त्याचे म्हणणे. ते मान्य झाले असते तर बाईंचा स्वतःच्या बांधावरही हुकूम उरला नसता. त्यांचे उत्तर लिहून देण्याचा मान माझा.

आम्हा अर्जनविसांचा एक प्रघात आहे. अर्जदाराला ‘पामर’, ‘मूढमती’ म्हणवून हुजुरांपुढे लीन करावयाचे. मराठीत ते शोभते; त्याचा कोणी शब्दशः अर्थ घेत नाही. माझे शिक्षण इंग्रजी तिसरीपर्यंतचे, परंतु इंग्रजी वाक्प्रचारांची वही मी स्वहस्ते तयार केली होती. तिच्यातले मूर्खपणाचे पान मला विशेष प्रिय.

साहेबांनी वाचले, “‘आय ॲम अ बॉर्न फूल. ऑल माय लाइफ आय लिव्ह्ड इन अ फूल्स पॅरडाइज.’ म्हणजे बाई जन्मजात मूर्ख आहेत आणि आजवर भ्रमातच जगल्या. खाली त्यांचा अंगठा आहे.”

दिराचे वकील हसले. “युअर ऑनर, मग आम्हांला साक्षीदार कशाला हवेत?”

“साहेब, ती नम्रता आहे,” मी कसेबसे म्हणालो.

“कोणाची? यांची की तुमची?”

“काय लिवलंय त्यात, मास्तर?” आनंदीबाईंनी मला विचारले. मी सांगितले.

“अवो, मी शानी हाय ह्ये सांगाया तुमच्याकडं आल्ये ना!” मग त्या साहेबांकडे वळल्या. “सायेब, येडी मी न्हाय. न इचारता अंगठा दिला, येवढीच माजी चूक.”

साहेबांनी पेन खाली ठेवले आणि शेतीविषयी प्रश्न केले. कोणत्या खाचरात कोणता भात, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी किती, बाईंनी न अडखळता सांगितले. “आता दिराला इचारा,” त्या म्हणाल्या. दिराला आपल्या शेताच्या चतुःसीमा सांगता आल्या नाहीत.

ते शब्द बाईंचे नसून माझे आहेत, असे साहेबांनी माझ्याकडून लेखी घेतले. मराठीत. दिराचा अर्ज फेटाळला गेला.

‘फूल्स पॅरडाइज’ हा प्रयोग खोट्या भरवशावर खुशाल राहणाऱ्यास लावतात. तो आपल्याच अशिलाच्या तोंडी कदापि घालू नये. मी आता अंगठा घेण्यापूर्वी प्रत्येक अर्ज अर्जदारास त्याच्या भाषेत वाचून दाखवतो. वेळ फार जातो. एखादा मध्येच म्हणतो, “हे मी बोललोच नव्हतो.” बहुधा त्याचे खरे असते.