कंसातले मथळे

प्रभादेवीच्या एका गाळ्यात मी धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनचे प्रोग्राम लिहितो. मोठ्या जॉबचा प्रोग्राम चार-पाच हजार ओळींचा होतो. त्यात मधे मधे कंसात मथळे घालता येतात: इथून भोकं, इथून आटे, इथे टूल बदललं. कंसातलं मशीन वाचत नाही, ते माणसासाठी असतं. मी ते कधीच घालत नसे. मला सगळं पाठ आहे, असं सांगायचो. खरं म्हणजे माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही, याची चटक लागली होती.

परळच्या चाळीत आमचा दीड दिवसाचा गणपती. विसर्जनाला मूर्तीचा पाट तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचा मान वडिलांचा. त्या वर्षी त्यांचे गुडघे गेले होते, डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली होती. पाट मी घ्यायचा असं ठरलं. आरतीची तयारी चालली असताना गाळ्यातून मशीन चालवणाऱ्या जोडीदाराचा फोन आला.

"अरे, ड्रिल तुटलं. नवीन लावलंय, पण चालू कुठून करू? नुसते आकडेच आहेत रे!"

चुकीच्या ओळीवरून सुरू केलं तर टूल थेट जॉबमध्ये, म्हणजे घडवायच्या धातूच्या तुकड्यातच, घुसणार. फोनवर सांगून जमेना. अर्ध्या तासात येतो म्हणून मी निघालो.

प्रोग्राम माझाच, पण ती जागा सापडायला मलाच तास लागला. घरी आलो तर विसर्जन झालेलं. चाळीतले बाकीचे गणपती निघाले तसा वडिलांनी स्वतःच पाट उचलला होता. आता ते खाटेवर गुडघे शेकत होते.

"तुझ्याशिवाय थंय कोणाक जमत नाय?" एवढंच त्यांनी विचारलं.

मला लाज वाटली. त्या प्रश्नाने जरा बरंही वाटलं, आणि त्याची जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी जुने प्रोग्राम उघडून मथळे घालत बसलो. दोन महिने गेले त्यात. "नोकरी सोडतोयस काय रे?" जोडीदार चिडवायचा.

पुढच्या वर्षी विसर्जनाच्या वेळी फोन आला नाही. मी दोनदा खिशातून काढून पाहिला. मग पाट उचलला. तो छातीशी धरला की पायाखालचं काही दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. लहानपणापासून वापरलेला जिना, पण पाय टाकायचा धीर होईना. वडील कठड्याला धरून मागून उतरत होते.

"हळू. हय पायरी झिजली हा. आता वळण. उजवो खांदो आत घे."

इतकी वर्षं हे सगळं त्यांच्याच डोक्यात होतं. पहिल्या मजल्यावर त्यांचे गुडघे थांबले. शेवटचा जिना मी एकटाच उतरू लागलो.

"खालची पायरी उंच आसा, विसरू नको!" ते वरून ओरडले.

मी तिच्यावर थांबलो, आणि मग खाली पाय टाकला.