लासलगावचा काटा, इगतपुरीचे ढग

आमची गाडी नाशिकच्या इंदिरानगरातून पहिल्यांदा मुक्कामाला निघाली, तेव्हा सोसायटीतले निम्मे लोक खाली उभे होते आणि उरलेले गॅलरीतून वाकून बघत होते. एकेकाळी शाळेची मुलं नेणारी ही व्हॅन. दिनकरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, दीड वर्ष खपून तिचं चाकांवरचं घर केलं होतं. दोन बाकं जोडून होणारा पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, छपरावर सोलरची दोन पॅनल आणि पलंगाखाली त्यांच्यावर भरणारी बॅटरी. दिनकर कारखान्यात विजेच्या देखभालीवर होते. निवृत्त होऊनही त्यांच्या हातातला पाना काही सुटलेला नाही.

हौस त्यांची असली तरी अट माझी होती. मला नऊ वर्षं इन्सुलिन चालू आहे. माझ्या मनात होतं कच्छ. ते मिठाचं पांढरं रण डोळ्यांनी बघायचं, महिनाभर सावकाश हिंडायचं. पण महिन्याभराचं इन्सुलिन गार राहिलं पाहिजे. फ्रिज बंद पडला तर तिकडच्या उन्हात सगळं औषध वाया जाणार. मी तीस वर्षं परिचारिका होते. पेशंटच्या पलंगाला टांगलेला तक्ता वाचल्याशिवाय मी कधी पुढे सरकले नाही. म्हणून दिनकरांना स्पष्ट सांगितलं, "बॅटरीत किती उरलंय ते मला दिसलं पाहिजे. तुमच्या मोबाइलमध्ये नाही. मला, पलंगावरून, चष्म्याशिवाय."

तिथून आमच्या घरात मीटरचं महाभारत सुरू झालं. दिनकरांना हवा होता वहीएवढा टचस्क्रीन. त्यावर सूर्य, बॅटरी, पंखा, सगळ्याची चित्रं, आणि वीज इकडून तिकडे पळताना दिसणारे ठिपके. मला हवा होता तळहातावर मावेल असा गोल मीटर, ज्यावर एकच मोठा आकडा दिसतो. दुकानदार मोठा शहाणा. म्हणाला, "काकू, दोन्ही न्या. आठ दिवस फिरा, नको ते परत आणा. पण लक्षात ठेवा, दोन्हींना खबर एकाच ठिकाणाहून मिळते." त्याने एक काळा ठोकळा दाखवला, दोन जाड बोल्ट असलेला. त्याला शंट म्हणतात. बॅटरीतून जाणारी आणि बॅटरीत येणारी वीज त्यातून मोजली जाते. मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला काही कळलं नव्हतं.

ते कळलं लासलगावात.

पहिला मुक्काम आम्ही मुद्दाम तिकडे घेतला, कारण मोकळं ऊन मिळणार होतं. निफाड मागे पडलं, दोन्ही बाजूंचे द्राक्षांचे मळे संपले आणि कांद्याचा वास गाडीत शिरला. बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. कांदा ठेवायच्या हवेशीर चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा विक्रीला आला होता. आत लिलाव चालू होता. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत होता, आणि भाव कुठल्या क्षणी ठरला हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. आमच्या छपराकडे बघून एका शेतकऱ्याने विचारलं, "गाडीवर पंपाचं सोलर कामून टाकलं?" दिनकरांना तेवढंच हवं होतं. पुढची वीस मिनिटं त्यांनी व्याख्यान दिलं.

तेवढ्यात माझ्या गोल मीटरवर बटण दाबून दिसणारा भरण्याचा आकडा चौदा अँपिअरवरून नवावर आला. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. बाहेर येऊन पाहते तर वाऱ्याने उडालेली कांद्याची टरफलं पॅनलभर बसलेली. दिनकरांना व्याख्यान अर्धवट टाकून केरसुणी घेऊन छपरावर चढावं लागलं. आकडा पुन्हा चौदावर आला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मीटर कसला, माझा तक्ताच होता तो. त्यांच्या टचस्क्रीनवर ठिपके छान पळत होते, पण टरफलं आधी मी पकडली, हे मी त्यांना दिवसभरात चार वेळा ऐकवलं.

संध्याकाळी सामानासकट गाडी किती भरते ते बघायला आम्ही भुईकाट्यावर (गाडी उभी करून वजन करतात तो जमिनीतला काटा) गेलो. काटा सांभाळणारे निवृत्तीभाऊ साठीचे, पांढरी टोपी, डोळ्याला जाड भिंग. गाडीचं वजन झालं. नेमकं त्याच वेळी दिनकर मला शंट काय असतो ते पाचव्यांदा समजावत होते आणि मी पाचव्यांदा जांभई देत होते. निवृत्तीभाऊ ऐकत होते. हसून म्हणाले, "ताई, सोपं हाय. ह्यो माझा काटा म्हंजे तुमचा तो ठोकळा. भरल्याली गाडी आत जाताना तोलायची, भाईर जाताना तोलायची. शेडात किती माल उरला, शेडात न जाता सांगतो मी."

"मग चूक कधीच होत नाही?" मी विचारलं.

"काटा चुकत नाय. पण समद्या गाड्या काट्यावरूनच जाया पाह्यजेत. एखादी मागच्या फाटकानं गेली, की झालं. कागदावर माल हाय, अन् शेडात नाय. तवा मी काटा तपासत नाय, आधी फाटक बघतो."

त्यांनी आम्हाला बाजरीची भाकरी आणि कांद्याचा झुणका खाऊ घातला. पोटभर जेवून, बॅटरी शंभर टक्के भरून आम्ही दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेला निघालो. नाशिक ओलांडलं आणि इगतपुरीकडे वळलो.

आता ढगांची परीक्षा होती: ऊन नसताना बॅटरी किती दिवस पुरते? इगतपुरीच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आम्ही धरणाच्या बाजूला उतरलो. श्रावणाचे दिवस. डोंगर अर्ध्यावर कापल्यासारखे दिसत होते, वरचा अर्धा भाग धुक्यात. भाताची खाचरं काठोकाठ भरलेली, आणि त्यात आवणी (भाताची रोपं लावण्याचं काम) आटोपलेली. एका घराच्या अंगणालगत गाडी लावू का म्हणून विचारलं, तर हिराबाई नावाच्या आजी बाहेर आल्या. त्यांनी गाडीत डोकावून पलंग पाहिला, शेगडी पाहिली आणि विचारलं, "अन् न्हाणी कुठं हाय?" न्हाणी नव्हती. त्यांच्या डोळ्यांत आमच्याबद्दल जी कीव दिसली ती मी विसरणार नाही.

मोबाइलला रेंज नव्हती, पॅनलवर ऊन नव्हतं, तरी आम्ही मजेत होतो. हिराबाईंनी नागलीची (नाचणीची) भाकरी आणि रानातल्या करटुल्याची भाजी दिली, आम्ही त्यांना आमच्या शेगडीवरचा चहा दिला. पहिल्या सकाळी मीटर म्हणाला पंच्याऐंशी. दुसऱ्या सकाळी एकाहत्तर. दोन दिवस सूर्याचं तोंड न बघता एकाहत्तर! दिनकर छाती फुगवून म्हणाले, "आता बोल. कच्छला कधी निघायचं?"

चहाला दूध काढायला मी फ्रिज उघडला. आतला दिवा लागला नाही. पिशवीला हात लावला तर दूध कोमट.

इन्सुलिनचा डबा काढून आतला थर्मामीटर पाहिला: बावीस. इगतपुरीची गार हवा म्हणून बावीस. एवढ्याने औषध बिघडत नाही, हे मला ठाऊक होतं. पण कच्छमध्ये हाच पारा कुठे गेला असता, हेही ठाऊक होतं.

हिराबाई दारातून बघत होत्या. "अवषद हाय का ते? मंग माझ्या डेऱ्यापाशी (पाण्याच्या मोठ्या मातीच्या भांड्यापाशी) ठेव की. वलं फडकं गुंडाळून देते." मी डबा त्यांच्या हवाली केला.

इकडे दिनकर फ्रिजच्या मागे शिरले होते. फ्यूज पाहिला, पंखा पाहिला. "फ्रिजच गेला," त्यांनी निकाल दिला. "बॅटरीला काही झालेलं नाही. तुझा मीटर एकाहत्तर म्हणतोय, माझा स्क्रीनही एकाहत्तर. दोघं कशाला खोटं बोलतील?"

पण तक्त्यावर ताप नाही आणि पेशंटचं अंग भाजतंय, असे प्रसंग मी वॉर्डात कमी पाहिलेले नाहीत. अशा वेळी मी तक्ता बाजूला ठेवायचे. मी मीटरचं बटण दाबून बॅटरीचे व्होल्ट पाहिले आणि आकडा मोठ्याने वाचला. दिनकर फ्रिजमागून बाहेर आले. स्वतः वाकून पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"एवढे कमी? एकाहत्तर टक्क्यांना एवढे कमी नसतात. ही बॅटरी रिकामी आहे. आणि रिकामी होत आली की हा फ्रिज आपण होऊन बंद होतो."

म्हणजे कागदावर माल होता आणि शेडात नव्हता. निवृत्तीभाऊंची टोपी माझ्या डोळ्यांसमोर आली.

"अहो," मी म्हटलं, "मागचं फाटक कुठे आहे?"

"कुठलं फाटक?"

"काट्यावरून न जाता बाहेर पडणारं. पंख्याची तार त्या ठोकळ्यावरून जाते, दिव्याची जाते. फ्रिजची?"

दिनकर वाकून पलंगाखालच्या तारा बघून आले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "फ्रिजच्या दोन्ही तारा मी सरळ बॅटरीला जोडल्यात."

"का?"

"मधे काही नको म्हणून. उद्या चुकून कुणाचा हात बटणावर पडला, एखादा जोड सैल झाला, तर? तुझं औषध असतं त्यात, सुमन. सगळं बंद पडलं तरी ते बंद पडायला नको होतं."

मला आधी राग आला. मग डोळे भरून आले. नंतर पुन्हा राग आला, आणि तो मी बोलून दाखवला. दोन दिवस तो फ्रिज चोरून वीज पीत होता आणि आम्ही दोघं दोन-दोन मीटर लावून खुशीत होतो. लासलगावला उन्हाने ती गळती लगेच भरून काढली, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दिनकर पलंगाखाली आडवे झाले, दहाचा पाना मागितला, आणि फ्रिजची काळी तार बॅटरीवरून काढून शंटच्या पलीकडच्या बोल्टवर घेतली. फ्यूज लाल तारेवर होता तसाच राहिला. शेवटचा नट त्यांनी मला आवळायला लावला. "तू बघ घट्ट झाला का," म्हणाले.

इगतपुरीत एका खानावळीच्या मालकाने दुपारभर प्लग दिला. बॅटरी भरून आम्ही हिराबाईंच्या अंगणात परत आलो, कारण परीक्षा अर्धी सोडायची मला सवय नाही. या खेपेला आकडा भराभर उतरला. सकाळी बासष्ट! पहिल्या खेपेच्या पंच्याऐंशीला नाचलो होतो, पण आताचे बासष्ट खरे होते. असं ऊन न मिळता एक दिवस काढता येतो, दुसऱ्या दिवशी कुठेतरी प्लग शोधायचा, हे पहिल्यांदाच नक्की कळलं. दूध बर्फासारखं गार होतं. हिराबाईंकडून डबा परत आणला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या पेटीपेक्षा माझा डेरा बरा. त्याला ना तार, ना काटा."

परतीच्या वाटेवर आम्ही दुकानात थांबलो. टचस्क्रीन परत केला. दिनकरांनी तो खोक्यात ठेवण्याआधी ठिपके पळताना एकदा शेवटचं बघून घेतलं, आणि मला त्यांची दया आली. पण स्क्रीन वहीएवढा असो की दाराएवढा, त्याला सांगितलं तेवढंच तो सांगणार. गोल मीटर ठेवला. तो कुठे बसवायचा ते मी दाखवलं: पलंगाशेजारी, माझ्या बाजूला, माझ्या डोळ्यांसमोर.

फ्रिज बसवल्यापासून, गाडी नुसती सोसायटीत उभी असतानासुद्धा, दिनकर वर घरी जाण्याआधी न चुकता फ्रिज उघडून आत हात घालत आले आहेत. कारखान्यातही दुसऱ्याने तपासलेलं ते पुन्हा तपासायचे. त्या दिवशी पिशव्या उतरवून झाल्या, किल्ली काढली, आणि ते दाराशी थांबले. मी पलंगावर टेकले होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

मला वाटलं, आता फ्रिजमध्ये हात घालायला आत येतील. आले नाहीत. "बरं," म्हणाले आणि पिशव्या उचलून जिना चढू लागले. तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, कच्छला निघायला आता हरकत नाही.