सोनेरी अक्षरांची पत्रिका

खोटं कशाला बोलू, धाकट्या जावेला पाहिलं की माझ्या पोटात दुखायचं. ती नैरोबीहून आलेली. वडील तिकडे रेल्वेत होते, तिचा जन्मही तिकडचाच. धुळ्याच्या मामांनी स्थळ जमवलं, लग्न धुळ्यातच लागलं आणि ती जळगावात आमच्या घरी आली ती दोन लोखंडी पेट्या, एक विजेची इस्त्री आणि ब्रिटिश पासपोर्ट घेऊन. मराठीत गुजराती मिसळायची. 'चालेल' म्हणायच्या जागी 'चालशे' म्हणायची आणि सासूबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. मी एखादा शब्द चुकले की मात्र माझ्या माहेराचा उद्धार व्हायचा.

तिच्या लग्नाची पत्रिकासुद्धा साधी नव्हती. जाड कागद, सोनेरी अक्षरं, कडेला वेलबुट्टी. माझ्या लग्नात गुलाबी पातळ कागद होता, शाई बोटाला लागायची. त्या सोनेरी पत्रिकांतली एक मी गुपचूप उचलून माझ्या ट्रंकेत शालूखाली ठेवली होती. अधूनमधून काढायची, बघायची आणि नव्यानं जळायची. आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

दोन वर्षं होत आली तेव्हा पोलीस ठाण्यातून माणूस आला. जाऊ परदेशी नागरिक. तिची इथं राहायची परवानगी दिवाळीपर्यंतची, एकदा वाढवून दिलेली, आता वाढणार नव्हती. दिवाळीच्या आत इथलं नागरिकत्व घ्या, नाहीतर परत जा. परत कुठं जाणार? तिचे आईवडील नैरोबीचं घर मोडून विलायतेला गेले होते आणि आफ्रिकेतल्या लोकांना ब्रिटिश पासपोर्ट असूनही तिथं पाळी लागेपर्यंत थांबावं लागे, म्हणून हिला लगेच शिरू देत नव्हते. मांडीवरची सात महिन्यांची पोर मात्र जळगावची. म्हणजे आईनं जायचं आणि लेकीनं राहायचं, असा तो हिशेब.

सासूबाईंनी हुकूम सोडला, "पोर आपली शे, तिले जाऊ देवानं नही. बठ्ठा कागद गोया करा."

झालं, सगळे कागद गोळा करायचे म्हणून अख्खं घर कामाला लागलं. आबा, म्हणजे माझे सासरे, बियाण्याचं दुकान नोकरावर टाकून कलेक्टर कचेरीत खेटे घालू लागले. दिरांनी नैरोबीला जन्माच्या दाखल्यासाठी पत्र टाकलं. समुद्रापलीकडून तो दाखला दीड महिन्यात घरी आला. आमच्या ह्यांनी स्टँप पेपर आणले, तिचे फोटो काढवले. संध्याकाळी सगळे ओसरीवर तिची फाईल उघडून बसायचे आणि मी आत चहा टाकायची.

आणि माझा दाखला? मी सातवी पास. बालवाडीची बाई व्हायची मला फार हौस होती. त्यासाठी शाळेचा दाखला हवा आणि तो शिरपूरच्या शाळेत पडलेला. दहा वर्षं म्हणत होते, कोणीतरी जाऊन आणा. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "त्या बाजूला काम निघालं की बघू." आफ्रिकेला पत्र गेलं, पण शिरपूरच्या एस.टी.त कोणी बसलं नाही. मग मी जळू नको तर काय करू?

आषाढात गाडं अडलं. कचेरीतल्या कारकुनानं पासपोर्ट आणि रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवलं आणि आबांना विचारलं, "ह्या दोन बाया कोण?" पासपोर्टवर माहेरचं नाव होतं आणि रेशनकार्डावर आमचं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहितात, पेढे वाटतात आणि जुनं नाव संपतं. ते तांदूळ काही कोणी कचेरीत नेऊन दाखवत नाही. कारकून म्हणाला, मुलीचं माहेरचं नाव आणि तुमच्या मुलाचं नाव एकत्र छापलेली लग्नपत्रिका आणा, काम भागेल.

घरात शोधाशोध झाली. होत्या तेवढ्या पत्रिका वाटल्या गेल्या होत्या. धुळ्याला मामांकडे उरलेल्या रद्दीत गेल्या. भटजींनी चिठ्ठी दिली, पण तीही नव्या नावाची, कारण त्यांच्या लक्षात तेवढंच. सासूबाईंनी मला विचारलं, तुझ्याकडे आहे का? मी "नाही" म्हणाले. इतकं सरळ निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं.

मनात म्हटलं, दोन दिवस धावू देत सगळ्यांना, एक कागद न मिळणं काय असतं ते कळू दे. दोनाचे वीस झाले. आता काढावी तर इतके दिवस लपवली का, हे सांगावं लागणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कोणी ट्रंकेजवळून गेलं तरी मी मागून जाऊन कडी चाचपून यायची.

श्रावणात एकदा बघितलं, तर जाऊ पोरीला अंगावरचं सोडून वाटी-चमच्यानं दूध पाजत होती. पोर तोंड फिरवत होती, रडत होती.

"अगं, कशाला आत्तापासून?" मी म्हटलं.

"सवय असू दे, अक्का," ती म्हणाली. "मग तुम्हाला त्रास देईल."

त्या दिवशीही मी ट्रंक उघडली नाही. हे लिहायचं टाळता आलं असतं, पण लिहिते.

गणपती उठल्यावर ती आणि दीर पुन्हा एकदा धुळ्याला गेले, मामांचा माळा धुंडाळायला. दुसऱ्या दिवशी परत आले ते हात हलवत. ती स्वयंपाकघरात आली आणि पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत माझा शाळेचा दाखला. धुळ्याहून शिरपूरची गाडी धरून हेडमास्तरांसमोर जाऊन बसली होती. "त्यांना सांगितलं, आजच द्या. पुढे मला यायला मिळेल न मिळेल." दाखल्यावर माझं माहेरचं नाव होतं. दहा वर्षांत कोणी न घेतलेलं ते नाव तिनं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "सरस नाव आहे, अक्का."

खरं सांगते, आनंद नंतर झाला. आधी वाटलं, हिला एका दिवसात जमलं. ती एस.टी. दहा वर्षं माझ्यासाठीही सुटत होती की. मग मी आत गेले आणि ट्रंक उघडली.

"फडताळात कागदाखाली होती, लक्षातच नव्हतं," असं सांगून पत्रिका आबांच्या हातात दिली. कोणी खोलात शिरलं नाही. दिवाळी आठ दिवसांवर असताना तिनं कचेरीत शपथ घेतली आणि प्रमाणपत्र घेऊन घरी आली. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. पेढ्यांचं ताट धरून मी त्यांच्यामागे हिंडत होते. पोटात दुखत होतंच, पण कमी.

पुढच्या उन्हाळ्यात बालवाडीची जागा निघाली. मी दाखला नेऊन दिला. तिथला कारकून म्हणाला, "बाई, ह्यावरचं नाव वेगळं. लग्नपत्रिका आणा." माझी ती गुलाबी पत्रिका! माहेरी नाही, सासरी नाही. मी इथंच जन्मले, इथंच वाढले आणि मी म्हणजे मीच, असं सांगणारा एक चिटोरा माझ्याजवळ नव्हता. प्रतिज्ञापत्र करा म्हणाले, ओळख पटवायला इथला नागरिक आणा. ह्यांना दुकानातून सवड नव्हती. जाऊ म्हणाली, "मी येते ना." निघताना तिनं स्वतःचं प्रमाणपत्र पिशवीत घातलं. कोणी मागितलं नव्हतं, तरी कारकुनापुढे उघडून ठेवलं आणि खाली सही केली, की ह्या बाईंना मी दोन्ही नावांनी ओळखते. सहीसुद्धा कशी वळणदार! तिचाही मला हेवा वाटला.

बाहेर रसाच्या गाड्यावर बसलो तेव्हा मला राहवलं नाही. "तुझी पत्रिका माझ्याच ट्रंकेत होती गं," मी म्हणाले. "मुद्दाम लपवली होती."

"ठाऊक आहे. मंगळागौरीला तुम्ही शालू काढलात, तेव्हा दिसली."

"मग मागितली का नाहीस?"

तिनं रसाचा ग्लास खाली ठेवला. "मागितल्यावर तुम्ही नाही म्हणाला असतात, अक्का, तर दुसरीकडून कागद मिळूनसुद्धा मी त्या घरात राहून काय करणार होते? म्हणून आधी शिरपूरला गेले."