सासऱ्यांसमोरची फुंक

सांगलीत मी फक्त छातीच्या विकारांचं हॉस्पिटल काढलं, तेव्हा लोक म्हणाले, छातीला वेगळी डॉक्टर कशाला? मी वाद घालत बसले नाही. श्वास मोजायचं यंत्र बॅगेत घातलं आणि गावोगाव हिंडू लागले. आमच्या भागात हे काम कुणी केलं नव्हतं आणि ते मीच करणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आजही नाही. त्यामुळे माझ्या सगळ्यात मोठ्या चुकीची गोष्टही मी ताठ मानेनेच सांगणार आहे.

कवठे महांकाळच्या बाजूला द्राक्षांचे बेदाणे करतात. बेदाण्यांना पिवळा रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. त्या खोलीचं दार उघडलं की उभ्या माणसाला ठसका लागतो. बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या बायकांची फुफ्फुसं या धुरीने खराब होत असणार, असा माझा अंदाज होता आणि तो सिद्ध करायचा मी चंगच बांधला होता.

एका गावात देवळाच्या मंडपात टेबल मांडलं. गावाचा विश्वास बसावा म्हणून चार वडीलधाऱ्यांना मानाने बोलावून समोर खुर्च्या दिल्या. तपासणी सोपी असते. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून नळीत फुंकायचा. बायका रांगेने आल्या आणि एकामागून एक आकडे कमी येत गेले. मला मनातून आनंद झाला, हे कबूल करते. पडद्यावरच्या आलेखाचं टोक बोथट येत होतं. माणसाने जोर चोरला की असं होतं, हे मी विद्यार्थ्यांना ओरडून ओरडून शिकवते. पण हवं ते दिसायला लागलं की माझ्यासारखीलाही बाकीचं दिसत नाही.

सगळ्यात कमी आकडा तिशीतल्या एका सुनेचा होता. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं आणि आता द्राक्षं लावणारं तिचं घर. ‘फुफ्फुसांची क्षमता फारच कमी’ असं लिहून मी खाली झोकात सही ठोकली आणि कागद तिच्या हातात दिला.

आठवड्याने गावात आरोग्यसेविकेचं काम करणाऱ्या आशाताईंचा फोन आला. "बाई, त्या पोरीला म्हायेरी धाडायला लागल्यात. दम्याची सून काय कामाची, म्हनतोय सासरा."

मी लगेच यंत्र घेऊन निघाले.

सासरे ओसरीवर बसले होते, आणि दाराशी तिची कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. ती मात्र माझ्यासाठी चहा टाकायला चुलीपुढे बसली. लाकडं ओली होती. तिने फुंकणी उचलली आणि एका दमात अशी लांबलचक फुंक मारली की राख उडून जाळ भडकला. मी बघतच राहिले. आजारी फुफ्फुसांना हे जमणं शक्य नव्हतं.

"अगं, त्या दिवशी अशी का नाही फुंकलीस?"

तिने मान खाली घातली. "मामंजी समोरच बसल्यालं न्हवं का? थोरल्यांच्या म्होरं त्वांड फुगवून फुकायचं व्हय, बाई?"

मला स्वतःचाच संताप आला. माझी आई आजोबांसमोर जांभईसुद्धा देत नसे. हे बघत वाढलेली मी, आणि त्या खुर्च्या मीच मांडल्या होत्या!

बाहेर येऊन सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, तो कागद चुकीचा आहे."

"मशीन खोटं बोलतंय व्हय?"

"यंत्र नाही, मी चुकले. आता तुम्हीच तिला जोरात फुंकायला सांगा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग उठून भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "फुक गं सूनबाई. घर उडालं तरी चालंल."

तिने फुंकलं. आलेख सरळ वर गेला. फुफ्फुसं ठणठणीत होती. त्या गावचे सगळे आकडे मी मनात तिथेच फाडले. पुढे पुरुषांना मंडपाबाहेर काढून तपासणी पहिल्यापासून केली. आजारी माणसं थोडी निघाली, पण जी निघाली ती धुरीची खोली उघडणारीच होती. माझा अंदाज बरोबर होता. पुरावा तेवढा खोटा होता.

पण त्या दिवशी ओसरीवर, सुनेची फुंक झाल्यावर, सासऱ्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. "आना हिकडं," म्हणाले. इतकी वर्षं त्यांच्या शेडवरची धुरीची खोली तेच उघडत होते. मी नवी नळी लावली. मिशीवर हात फिरवून त्यांनी तीनदा जोर लावला. आकडा तिन्ही वेळा असायला हवा त्याच्या निम्म्याच्याही खाली राहिला आणि मग खोकला थांबेना.

मी काही बोलायच्या आत त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

"मग आता मला कुटं धाडायचं?" त्यांनी विचारलं.

सुनेने पदर सारखा केला आणि त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणाली, "कुटं न्हाई. बाईंच्या दवाखान्यात जायाचं आन् परत हितंच यायाचं."

दाराशी ठेवलेल्या पिशवीतून तिने आपली लुगडी काढली आणि त्यांची धोतरं भरली.